कपाट आणि पेटी

माझ्या लहानपणी यवतमाळच्या आमच्या शाळेत पुस्तकांचे एक कपाट होते. काचेतून पुस्तकांची नावे वाचता येत, पण पुस्तके हाती मिळत नसत. 'हरवले तर भरून कोण देणार?' या एका प्रश्नाचे कुलूप त्याला होते. आमची घरची बोली उर्दू. घरात मराठी पुस्तक नव्हते आणि वाचनालयाची पायरी चढावी, हे मोहल्ल्यातल्या आम्हा पोरांना सुचतही नसे.

पुढे सयाजीराव गायकवाडांविषयी वाचले आणि ते कपाट पुन्हा डोळ्यांपुढे आले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ १८७५ साली बडोद्याला दत्तक गेला, तेव्हा बारा वर्षांच्या त्या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. याच राजाने १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटली की अक्षरेही सुटतात, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. बडोद्यात ग्रंथालय खाते उभे राहिले आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरू लागली. वाचकाला खर्च नाही. वाहतुकीचा भार राज्यावर.

१९३१ साली तंजावर भागातल्या मन्नारगुडीहून पुस्तके बैलगाडीत बसून खेड्यांत निघाली. आणि कवळाणे ज्या जिल्ह्यात आहे, त्याच नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. शंभर पुस्तकांची एक पेटी. वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. शंभर वर्षांनी पेटी पुन्हा तिच्या माहेरी आली म्हणायची!

या साऱ्यांत गाडी वा पेटी महत्त्वाची नाही, महत्त्वाचा आहे तो विश्वास. कपाट म्हणते, 'पुस्तक हरवेल.' पेटी म्हणते, 'वाचले तर जाईल!' फाटलेले पुस्तक निदान कुणाच्या हाती पडलेले असते.

आमच्या यवतमाळात १९७३ आणि २०१९ साली साहित्य संमेलने भरली. संमेलनाचा मांडव तीन-चार दिवसांत उठतो. मुले मात्र इथेच राहतात, कुणी मोहल्ल्यात, कुणी झोपडपट्टीत. शहरात वाचनालय आहे म्हणून ते त्यांच्याजवळ आहे असे नव्हे. गुरुजनहो, गाडी येईल तेव्हा येवो. तोवर कपाटाची किल्ली तेवढी फिरवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)