आरशाचे वतन

मंगलाष्टके आटोपून, शेवटची पंगत उठून, वऱ्हाडाच्या गाड्यांना परतीची घाई सुटल्यावर आपल्याकडे सूनमुखाचा जो लहानसा विधी होतो, तो छायाचित्रकाराच्या दृष्टीने साऱ्या समारंभातला सर्वांत अवघड प्रसंग होय. कारण सासूने सुनेचे मुख तेव्हा आरशात पाहावयाचे असते, आणि त्या आरशात क्षणभर उमटणारे, लाजेने अर्धे झुकलेले प्रतिबिंब नेमके टिपावयाचे असते. मागल्या वैशाखात राहुरीजवळच्या एका मंगल कार्यालयात हा विधी पाहत मी उभा होतो. नगरहून आलेले दोन छायाचित्रकार, पन्नाशीतले काका आणि पंचविशीतला पुतण्या, सासूबाईंच्या खांद्यांवरून वाकून उभे होते. काकांच्या हातात जुना डीएसएलआर, पुतण्याच्या हातात नवा मिररलेस, आणि दोन्ही, त्यांच्या धंद्याच्या भाषेत, 'फुलफ्रेम बॉडी'. काकांनी बटण दाबताच 'खटाक्' झाले आणि सूनबाईने दचकून डोळे मिटले. पुतण्याच्या यंत्रातून चकार शब्द उमटला नाही, तेव्हा बराच वेळ आरसा धरून बसलेल्या सासूबाईंनी मान वर करून विचारले, "काढला का रे बाळा, का अजून बसू?"

त्याने केव्हाच काढला होता. पण मला त्या क्षणी जाणवले ते असे, की या खोलीत आरसे दोन आहेत, एक सासूबाईंच्या हातात आणि दुसरा काकांच्या यंत्राच्या पोटात. आणि तो 'खटाक्' या दुसऱ्या आरशाचा आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ कागदोपत्री नोंद असलेला आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या वतनावरून दूर झालेला हा जो दुसरा आरसा, त्याची ही कुळकथा.

आरंभ शब्दापासूनच करणे बरे. 'आरसा' हा शब्द संस्कृतातल्या 'आदर्श' या शब्दाचा, प्राकृताच्या वाटेने झिजत आलेला, वंशज आहे. ज्यात पाहावयाचे तो आदर्श, हा मूळचा अर्थ. ज्याच्याकडे पाहून वागावयाचे तो आदर्श, हा अर्थ मागाहूनचा. ज्या नगर जिल्ह्याने राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या 'आदर्श गावां'ची नावे साऱ्या महाराष्ट्रात नेली, तेथे हे आरसा-आदर्शाचे नाते आवर्जून सांगावेसे वाटते. 'कॅमेरा' या शब्दाचे कूळ त्याहून साधे: लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खोली. अंधारी खोली, तिच्या भिंतीला एक छिद्र, आणि समोरच्या भिंतीवर बाहेरच्या जगाचे उलटे चित्र, एवढाच हा संसार होता. वुर्ट्सबुर्गच्या योहान झान नामक धर्मोपदेशकाने १६८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या खोलीची हातात मावेल अशी पेटी करून, तिच्यात तिरपा आरसा बसवून, चित्र वरच्या काचेवर सरळ उभे केलेले दाखविले आहे. म्हणजे छायाचित्रणाच्या कलेचा जन्म होण्यापूर्वीच, सुमारे दीडशे वर्षे आधी, आरसा पेटीत येऊन बसला होता. टिपून ठेवणारे द्रव्य तेवढे सापडावयाचे राहिले होते.

ते सापडले आणि आरसा काही काळ मागे पडला. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी गृहस्थ या कलेत शिरले, तेव्हाचा छायाचित्रकार तिकाटण्यावरच्या पेटीमागे काळ्या कापडात डोके खुपसून घासलेल्या काचेवर उलटे चित्र पाही, ते नीट बसले की त्या काचेच्या जागी रासायनिक लेप दिलेली काच सरकवी, आणि त्या क्षणापासून चित्र उमटेपर्यंत त्याला काहीही दिसत नसे. समोरचा माणूस हलला, मूल उठून पळाले, तरी पत्ता नाही. पाहणे आणि टिपणे ही दोन कामे एकाच जागेवर हक्क सांगत होती, आणि एकाला बसवावयाचे तर दुसऱ्याला उठविणे भाग होते. आरशाला जे वतन मिळाले ते या तंट्याचा निवाडा म्हणून.

निवाडा केला टॉमस सटन या इंग्रजाने, १८६१ साली. (मॅक्सवेलच्या प्रसिद्ध रंगीत छायाचित्रप्रयोगासाठी चित्रे घेणारा तो हाच सटन, आणि वर्षही तेच.) भिंगातून येणारा प्रकाश पंचेचाळीस अंशांत तिरप्या बसविलेल्या आरशावर पडावा आणि वर जाऊन काचेवर चित्र दिसावे, टिपण्याच्या क्षणी आरसा बाजूला व्हावा आणि तोच प्रकाश सरळ मागच्या काचेवर पडावा. एकाच भिंगातून पाहणे आणि टिपणे, म्हणून 'सिंगल लेन्स', आणि परावर्तनाने पाहणे, म्हणून 'रिफ्लेक्स'. डीएसएलआर या नावातील चार अक्षरांपैकी तीन अक्षरे येथली आहेत, चौथे 'डिजिटल'चे काय ते मागून आले.

आता 'फुलफ्रेम'ची हकीकत. ती ऐकून आजच्या तरुण छायाचित्रकारांना गंमत वाटेल, कारण ज्या मापाला ते 'पूर्ण' म्हणून गौरवितात, ते जन्माला आले तेव्हा काचेच्या मोठ्या पट्ट्या वापरणाऱ्या जुन्या लोकांना पोरखेळ वाटले होते. एडिसनच्या कारखान्यात चलच्चित्रासाठी ३५ मिलिमीटर रुंदीची फीत ठरली. जर्मनीतल्या वेट्झलार गावी लाइट्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाकला दम्याचा विकार असल्याने जड पेट्या वाहणे जड जाई, म्हणून त्याने हीच फीत आडवी फिरवून चलच्चित्राची चौकट दुप्पट केली, आणि २४ गुणिले ३६ मिलिमीटर हे माप सिद्ध झाले. १९२५ साली त्याचा लायका बाजारात आला. आणि या लायकात आरसा नव्हता! भिंगाशेजारच्या वेगळ्या खिडकीतून पाहावयाचे. दूरचा डोंगर बरोबर येई, पण जवळचा माणूस घेतला तर डोळ्याला दिसलेले कपाळ चित्रात कापले जाई. तात्पर्य, फुलफ्रेम आणि बिनआरशाचा ही जोडी आज बाजारात नवलाई म्हणून विकली जात असली, तरी ती शंभर वर्षांची जुनी आहे.

या मापात आरसा आला तो १९३६ साली, ड्रेस्डेनच्या किने-एक्झाक्टामध्ये. तो वरून, कमरेजवळ धरून पाहावा लागे, आणि त्यात डावे उजवीकडे व उजवे डावीकडे दिसे. पळणाऱ्या पोराच्या मागे यंत्र फिरवावे तर पोर चौकटीतून उलट बाजूने निसटे. १९४९ च्या सुमारास काँटॅक्स-एससारख्या यंत्रांत डोक्यावर पंचकोनी लोलक बसला आणि डावे-उजवे जागच्या जागी आले. तरीही एक खोड उरली: टिपल्यानंतर आरसा वरच अडकून राही आणि पुढची फीत ओढीपर्यंत डोळ्यापुढे काळोख. जपानच्या असाहीफ्लेक्सने १९५४ साली आरसा आपोआप परत पडण्याची खात्रीची सोय केली, १९५९ साली निकॉन-एफ आला, आणि तेथून पुढे अर्धशतक आरशाच्या सत्तेला कोणी आव्हान दिले नाही. फीत गेली, तिच्या जागी संवेदक आला, तरी वतनदार तोच राहिला. २००२ साली कॅननचा ११ मेगापिक्सेलचा वन-डीएस आला आणि २००५ साली फाइव्ह-डी, ज्याच्यामुळे फुलफ्रेम हे प्रकरण मोठ्या संस्थांच्या दफ्तरातून साध्या धंदेवाइकाच्या पिशवीत उतरले.

पण वतनाला खर्च असतो, आणि तो रयतेने सोसावयाचा असतो. आरशाला उठण्या-बसण्यास जागा हवी, म्हणून भिंग संवेदकापासून दूर ठेवावे लागे: निकॉनच्या जुन्या पद्धतीत हे अंतर ४६.५ मिलिमीटर, कॅननच्या ४४. आरसा गेल्यावर निकॉनच्या नव्या झेड पद्धतीत ते १६ वर आले, सोनीत १८, कॅननच्या आरएफमध्ये २०. जागा मोकळी झाली, तेव्हा भिंग रचणाऱ्यांना, विशेषतः रुंद कोनाचे भिंग रचणाऱ्यांना, पूर्वी न मिळालेले स्वातंत्र्य मिळाले. शिवाय मोठ्या आरशाच्या मागे एक छोटा आरसा असतो, आणि तो थोडा प्रकाश खाली तळाशी असलेल्या यंत्रणेकडे पाठवून फोकस ठरवितो. म्हणजे फोकस ठरविणारा कारकून एका कचेरीत आणि चित्र घेणारा दुसऱ्या कचेरीत, आणि दोहोंच्या मोजमापात केसभर फरक पडला की नाकावर फोकस आणि डोळे मऊ. मिररलेसमध्ये संवेदकच फोकस ठरवितो, स्वतः डोळा शोधतो, आणि ही रुजुवात जागच्या जागी होते.

सत्तांतर बाहेरच्या शत्रूने केले असे मात्र नाही. फितुरी घरातलीच होती. २००७ चा निकॉन डी-थ्री आणि २००८ चा फाइव्ह-डी मार्क टू यांत 'लाइव्ह व्ह्यू' नावाची सोय होती, जिच्यात आरसा वर उचलून तसाच धरला जाई आणि मागच्या पडद्यावर थेट चित्र दिसे. तेवढ्या वेळापुरता डीएसएलआर स्वतःच मिररलेस होत असे. आरशावाचून चालते, हे एकदा कळल्यावर पुढचे काळाचे काम होते. त्याच २००८ साली लहान संवेदकाचा, बिनआरशाचा पॅनासॉनिक जी-वन आला. २००९ साली लायकाने आपल्या आरसाहीन परंपरेतला फुलफ्रेम डिजिटल एम-नाइन काढला. २०१३ साली सोनीचे ए-सेव्हन आले, आणि २०१८ साली निकॉन व कॅनन, हे दोन जुने सरदार, एकाच हंगामात नव्या बाजूला जाऊन मिळाले.

तुलना करावयाची तर एकाच घराण्यातली करावी. निकॉनचा डी-८५० (२०१७) आणि झेड-सेव्हन (२०१८), दोहोंचे संवेदक ४५.७ मेगापिक्सेलचे, तेव्हा निव्वळ चित्राच्या प्रतीत डावे-उजवे करण्यासारखे थोडेच. वजनात मात्र पहिला बॅटरी-कार्डासह सुमारे १,००५ ग्रॅम आणि दुसरा ६७५. पण पारडे लगेच फिरते: एका बॅटरीत पहिल्याची अधिकृत मोजणी १,८४० चित्रांची आणि दुसऱ्याची ३३० ची. प्रत्यक्षात दोन्हींत याहून पुष्कळ जास्त चित्रे निघतात हे खरे. तरी हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन दिवस उभ्या असलेल्या पुतण्याच्या कमरेच्या पाकिटात मी चार बॅटऱ्या मोजल्या आणि काकांच्या खिशात एक. आरसा प्रकाश परत फेकण्याचे वेतन घेत नाही. विजेचा पडदा प्रत्येक क्षणाचे घेतो.

काकांच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, आणि माझा कौल तिच्याकडे झुकतो. आरशातून दिसतो तो प्रकाश खुद्द असतो; समोरच्या उन्हात आणि डोळ्यात काचेवाचून दुसरे काही नाही. मिररलेसच्या खिडकीत दिसते ते संवेदकाने वाचून छोट्या पडद्यावर केलेले भाषांतर, आणि भाषांतर कितीही चोख असले तरी भाषांतरच. त्याचा उपयोग आहे. चित्र किती उजळ किंवा काळवंडलेले येणार हे टिपण्यापूर्वीच कळते. पण कोपरगावच्या रस्त्यावर चैत्रातल्या दुपारी उसाचे रिकामे रान पाहावयाचे असेल, तर मी आरशातून पाहीन.

रेहेकुरीला मात्र माझा कौल फिरला. कर्जत तालुक्यातले हे काळवीट अभयारण्य अवघे सव्वादोन चौरस किलोमीटरचे, १९८० साली राखलेले; बाभळी, गवत आणि उघडे माळ. पहाटे एक काळा नर, पिळदार शिंगे मागे टाकून, चाळीस पावलांवर चरत होता. माझ्या यंत्राचा पहिला 'खटाक्' झाला तसे त्याने कान टवकारले, दुसऱ्याला मान वर केली, आणि तिसऱ्याला माझ्या चौकटीत फक्त गवत होते. शेजारच्या मिररलेसवाल्या तरुणाने तोपर्यंत आवाज न करता किती चित्रे घेतली हे मी विचारले नाही. भंडारदऱ्याला, पावसाळ्याच्या तोंडावर काजव्यांनी लगडलेल्या झाडांपुढेही, आरशातून काळोखाशिवाय काही दिसत नाही, आणि विजेच्या खिडकीत झाडाचा आकार दाणेदार का होईना, पण उमटतो.

आणि मांडवात? राहुरीच्या त्या लग्नाचे फोटो पुतण्याने मला संगणकावर दाखविले, तेव्हा सूनमुखाच्या त्याच्या नीरव चित्रांवर आडवे काळसर पट्टे होते. नीरव शटरमध्ये संवेदक ओळीओळीने वाचला जातो आणि सजावटीचे एलईडी दिवे डोळ्याला न दिसता लुकलुकत असतात. दोहोंचा मेळ चुकला की असे पट्टे पडतात. काकांच्या 'खटाक्'मध्ये पट्टा नव्हता, पण सूनबाईचे डोळे मिटलेले होते. अल्बममध्ये शेवटी पुतण्याचेच, आवाजी शटरवर घेतलेले तिसरे चित्र गेले.

काकांनी आता आपली बॉडी विकावयास काढली आहे, आणि येणारे प्रत्येक गिऱ्हाईक पहिला प्रश्न "शटर काउंट किती?", म्हणजे आजवर किती वेळा 'खटाक्' झाले, हाच विचारते. शिकाऊ मुलाने ती जरूर घ्यावी. आरशाची पडती किंमत म्हणजे नवशिक्याची चांदी. फक्त एक विनंती. भिंग काढून आत पाहिल्यावर समोरच तो तिरपा आरसा दिसेल, त्यावर धूळ दिसेल, आणि सदऱ्याच्या टोकाने ती पुसण्याचा मोह होईल. पुसू नये. सासूबाईंच्या हातातल्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, म्हणून तो पुसला तरी टिकतो. या आरशाचा मुलामा काचेच्या पुढच्या अंगाला असतो, आणि एका बोटाने तो कायमचा खरवडला जातो. त्या धुळीचा चित्रात डाग पडत नाही; टिपण्याच्या क्षणी आरसा तेथे नसतोच.