घरगुती सागरी मत्स्यालय : जुनी टाकी आणि जुने पाणी

समुद्रापासून दूर असलेल्या घरात, काचेच्या टाकीमध्ये, समुद्राचा एक तुकडा जिवंत ठेवण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात सुरू झाला. त्याचा इतिहास बहुधा काचेचा आणि आगगाडीचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. इ. स. १८४५ मध्ये ब्रिटिश सरकारने काचेवरील कर उठविला व जाड तावदाने मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. नॅथॅनिएल वॉर्ड या वैद्याने बंद काचपेटीत नेचे जगवून दाखविले होतेच. आणि लोहमार्गांमुळे डेव्हनशायरच्या किनाऱ्यावर वेचलेला प्राणी लवकर लंडनला पोहोचू लागला. ही कारणे खरी आहेत. परंतु काच, मीठ व प्राणी ही तिन्ही सुलभ झाल्यावरही त्या काळी उभारलेल्या बहुसंख्य टाक्या थोड्याच वर्षांत ओस का पडल्या, आणि मोजक्या काही टाक्या दीर्घकाळ का टिकल्या, याचा उलगडा त्यांनी होत नाही. तो करावयाचा तर टाकीकडून टाकीतील पाण्याकडे, विशेषतः त्या पाण्याच्या वयाकडे, लक्ष वळवावे लागते.

या कथेचा आरंभ एका बाईपासून करणे न्याय्य होय. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका उच्चपदस्थ धर्मोपदेशकाची पत्नी. इ. स. १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून तिने दगडी प्रवाळांचे काही जिवंत नमुने बरणीतून लंडनला आणले. ते पाण्यात नीट उभे राहावेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ते स्पंजाला टाचून बसविले. समुद्राचे पाणी बेताचेच होते व ते वारंवार मिळण्यासारखे नव्हते. म्हणून तेच पाणी उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतण्याचा क्रम तिने घालून दिला. हे काम रोज अर्धा-पाऊण तास घरातील मोलकरीण करीत असे. पुढील वर्षी थिनबाईंनी समुद्रशेवाळेही आणविली, आणि प्राणी व वनस्पती यांचा हा संसार त्यांनी जवळजवळ तीन वर्षे चालविला. त्यांची हकीगत मात्र १८५९ मध्ये, म्हणजे मत्स्यालयांचे श्रेय इतरांच्या पदरी पडून गेल्यावर, प्रसिद्ध झाली. त्या मोलकरणीचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. घरातल्या पहिल्या सागरी मत्स्यालयांपैकी एक तिच्या दंडांच्या बळावर चालले, एवढे मात्र नमूद केले पाहिजे. कारण तिने केलेल्या कामाचे महत्त्व विद्वानांच्या लक्षात यावयास पुढे पंचवीस वर्षे लागली.

विद्वानांची उपपत्ती वेगळी होती. लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलन मावणाऱ्या काचपात्रात गोड्या पाण्यातील दोन लहान मासे व वॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. मासे कर्बवायू सोडतात, वनस्पती तो घेऊन प्राणवायू देते. तेव्हा दोहोंचे प्रमाण जुळले की पाणी बदलावे लागू नये, असे त्याचे अनुमान होते. प्रयोग सुरू झाला आणि लवकरच बिघडू लागला. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा वॉरिंग्टनने तळ्यातील काही गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजका भाग खाऊन टाकला व पाणी निवळले. १८५० मध्ये त्याने हा वृत्तान्त केमिकल सोसायटीपुढे मांडला आणि १८५२ पासून समुद्राच्या पाण्यावर तसेच प्रयोग आरंभिले.

या प्रयोगातून लोकांनी जो धडा घेतला तो दोन घटकांचा होता : मासा आणि वनस्पती. खुद्द प्रयोगात मात्र घटक तीन होते. गोगलगाय आली नसती तर तोल साधला नसता, हे वॉरिंग्टनने स्पष्टपणे लिहिले होते. तरीही पुढील लोकप्रिय ग्रंथांतून तिला केवळ झाडूवालीचे दुय्यम स्थान मिळाले. शिवाय चौथा एक घटक पाण्यात काम करीत होता व तो कोणालाच दिसत नव्हता. त्याचा विचार पुढे येईल.

मत्स्यालयाला घरोघर पोहोचविले ते फिलिप हेन्री गॉस याने. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये गॉसचे ‘द ॲक्वेरिअम’ हे पुस्तक रंगीत चित्रांसह बाहेर पडले. त्याच वर्षी त्याने कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली. ब्रायटनच्या समुद्रजलाचे रासायनिक पृथक्करण पूर्वीच झालेले होते. त्यावरून त्याने साडेतीन औंस साधे मीठ, पाव औंस एप्सम मीठ, दोनशे ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड व चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड इतके क्षार चार क्वार्टांहून किंचित कमी पाण्यात विरघळविले. चुन्याचे क्षार त्याने अल्प म्हणून वगळले. प्रवाळ आणि शिंपले यांचा सांगाडाच चुन्याचा असतो, हे लक्षात घेता ही वगळणूक लहान नव्हती. परंतु गॉसने एक गोष्ट अचूक केली. तयार पाण्यात त्याने प्रथम हिरवी शेवाळे ठेवली, काही दिवस जाऊ दिले, आणि मगच प्राणी सोडले. हा विराम वनस्पतींनी प्राणवायू निर्माण करावा म्हणून होता, असे त्यास वाटे. खरे कारण त्याहून खोल होते.

पुस्तकाच्या वाचकांनी कृती उचलली, विराम मात्र अनेकांनी सोडून दिला. दिवाणखान्यात आलेली टाकी त्याच दिवशी समुद्रफुले, खेकडे व कोळंबी यांनी भरून पाहण्याचा मोह अनावर असे. आठवड्याभरात एखादा प्राणी मरे, तो खडकाच्या आड कुजे, आणि एका रात्रीत सारे पाणी दुधाळ होऊन दुर्गंधी सुटे. टाकीही नवीच. तिचा तळ व बाजू पाटीच्या दगडाच्या, दर्शनी भाग काचेचा, आणि सांधे शिशाचा सफेता किंवा शेंदूर घातलेल्या लुकणाचे. शिसे प्राण्यांना विषारी. म्हणून जाणकार मंडळी नवी टाकी दिवसेंदिवस पाण्याने भरून ठेवीत, ते पाणी फेकीत, पुन्हा भरीत. या एका बाबतीत वापरलेली टाकी नव्या टाकीपेक्षा उघडच सरस होती : तिचे सांधे धुतले गेलेले असत आणि गळती कोठे आहे ते कळलेले असे.

लंडनमध्ये रीजंट्स पार्कजवळ पोर्टलंड रोडवर विल्यम ॲल्फर्ड लॉइड याने मत्स्यालयांच्या साहित्याचे दुकान थाटले. १८५८ सालची त्याची मूल्यसूची सव्वाशेहून अधिक पृष्ठांची होती. तिच्यात टाक्यांपासून जिवंत समुद्रफुलांपर्यंत सर्व काही होते. त्या सुमारास ही हौस शिगेला पोहोचली होती. दशकाच्या अखेरीस ती ओसरू लागली आणि १८६२ मध्ये लॉइडचे दिवाळे निघाले. १८६८ मध्ये निसर्गलेखक जॉन जॉर्ज वुड याने मागे वळून पाहताना या प्रकाराला साथीच्या तापाची उपमा दिली व दहांपैकी नऊ मत्स्यालये टाकून देण्यात आली असा अंदाज केला. त्याचा आकडा मोजणीचा नव्हे, अनुभवी माणसाच्या डोळ्याचा आहे. तरी ओसाड पडलेल्या टाक्या आणि बंद झालेली दुकाने त्याने पाहिलेली होती. ज्या घरातून टाकी निघाली त्या घरात पाणी मोरीत ओतले गेले असणार, यात नवल नाही. टाकीला किंमत होती, पाण्याला नव्हती.

या हौसेची खरी किंमत मात्र किनाऱ्याने मोजली. फिलिप गॉसचा पुत्र एडमंड याने १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात डेव्हनच्या खडकांतील डबक्यांचे वर्णन केले आहे. बालपणी पित्यासोबत पाहिलेली ती अस्पर्श संपत्ती पुढे संग्राहकांच्या झुंडींनी लुटून नेली, आणि आपल्याच पुस्तकांनी या लुटीला वाट दाखविली हे पित्याच्या मनाला अखेरपर्यंत लागून राहिले, असे तो सांगतो. घरी आणलेले प्राणी जगले असते तर नव्यांची मागणी इतकी वाढती ना. टाकीतील प्रत्येक अपयशागणिक किनाऱ्यावरून नवी टोपली भरून येत होती.

लॉइड दिवाळ्यानंतर हॅम्बुर्गला गेला. तेथील प्राणिसंग्रहालयाच्या मत्स्यालयात, आणि १८७१ मध्ये लंडनजवळ सिडनम येथे उघडलेल्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयात, त्याने दुकानदारीत शिकलेले शहाणपण वापरले. क्रिस्टल पॅलेसचे पाणी ब्रायटनहून आगगाडीने आणण्यात आले होते. ते वारंवार आणणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याने प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा साठा जमिनीखाली, अंधारात व गारव्यात ठेवला, आणि वाफेच्या पंपाने ते पाणी अहोरात्र खेळते राखले. पाणी फेकावयाचे नाही, फिरवावयाचे. हे त्याचे सूत्र होते. तेच पाणी वर्षानुवर्षे वापरीत राहिल्यास ते बिघडत नाही, हे त्याच्या अनुभवाने सिद्ध झाले. थिनबाईंच्या मोलकरणीचे काम आता यंत्र करू लागले, असे म्हणता येईल. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभे राहिले ते समुद्राच्या अगदी काठावर. समुद्रापासून दूर असलेल्या सिडनमला पाण्याबाबत असा आधार नव्हता, आणि त्या अडचणीतूनच लॉइडची पद्धत जन्मली.

ही पद्धत का यशस्वी होते, याचे उत्तर मत्स्यालयात नव्हे तर सांडपाण्यात सापडले. १८७७ मध्ये श्लोझिंग व म्यूंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपविले. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. पाण्यातील अमोनिया जसाच्या तसा राहिला. त्यानंतर मात्र अमोनिया नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. म्हणजे ती करणारे कोणी सजीव होते. इंग्लंडात रॉथॅम्स्टेड येथे या शोधाचा पाठपुरावा करून, अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटपासून नायट्रेट या दोन पायऱ्या दोन निरनिराळे जीव घडवितात, असे दाखविणाऱ्या रसायनज्ञाचे नाव होते रॉबर्ट वॉरिंग्टन. हा त्या पहिल्या वॉरिंग्टनचाच पुत्र. पित्याच्या काचपात्रात जो चौथा घटक अदृश्यपणे राबत होता, त्याचा मागोवा पुत्राने शेताच्या मातीत घेतला. ते जंतू शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचे श्रेय १८९० मध्ये रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्की याच्याकडे गेले.

त्या नळीतील वीस दिवस आणि नव्या टाकीतील दुधाळ पाणी या एकाच घटनेच्या दोन बाजू होत. माशांच्या विष्ठेतून व कुजण्यातून निर्माण होणारा अमोनिया अत्यल्प प्रमाणातही घातक असतो. त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जंतू खडक, वाळू व काच यांच्या पृष्ठभागावर वस्ती करतात. ती वस्ती वाढण्यास काही आठवडे लागतात. यास्तव ‘जुने पाणी’ हा प्रयोग काहीसा सैल आहे. जुने असतात ते दगड, जुनी असते ती वाळू. पाणी हे त्यांच्या आरोग्याचे लक्षण मात्र.

विसाव्या शतकात पुष्कळ अडचणी तंत्राने सोडविल्या. क्षाराने गंजणाऱ्या धातूच्या चौकटी १९६० नंतर मागे पडल्या व सिलिकोनने जोडलेल्या अखंड काचेच्या टाक्या आल्या. चुन्यासह सर्व क्षार असलेली तयार मिश्रणे विकली जाऊ लागली. परंतु निर्णायक पाऊल जाकार्ताच्या ली चिन एंग याने टाकले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्याने सांगितलेली रीत साधी होती : समुद्रातून जीवजंतूंसह उचललेले प्रवाळखडक टाकीत ठेवावेत आणि हवेचे मंद बुडबुडे सोडावेत. हेच पुढे ‘जिवंत खडक’ या नावाने जगभर रूढ झाले.

त्यामुळे आज कोणी पाचशे लिटरांची वापरलेली सागरी टाकी घरी आणतो तेव्हा सौद्यातील मोलाचा भाग कोणता, हे ठरविणे सोपे होते. पाण्याचेच वजन पाचशे बारा किलोग्रॅमच्या आसपास भरते. काच व खडक वेगळे. म्हणून प्रथम जमीन पाहावी लागते, आणि टाकी अंगणात वा गच्चीवर भरून सांधे तपासावे लागतात. खडक समुद्रजलात बुडवून, ओले असतानाच हलविले तर त्यांवरील वस्ती बऱ्याच अंशी टिकते. वाळले तर ते निव्वळ दगड होतात, आणि त्यांवर मेलेले जीव पुन्हा पाण्यात कुजून अमोनिया वाढवितात. तळाच्या जाड वाळूचे मात्र उलट आहे. वर्षानुवर्षे न हललेल्या थरात प्राणवायू पोहोचत नाही व तेथे विषारी गंधकयुक्त वायू साठलेला असू शकतो. अशी वाळू ढवळून तशीच नव्या घरात ओतणे धोक्याचे. किनाऱ्याच्या लुटीच्या संदर्भात एक भारतीय तरतूदही येथे प्रस्तुत ठरते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक रचणाऱ्या प्रवाळांचा समावेश आहे. तेव्हा आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळखडक फोडून टाकीत आणण्याचा मार्ग भारतीय हौशी माणसाला बंद आहे. आधीच्या मालकाने माशांच्या रोगावर तांब्याचे औषध वापरले होते काय, हेही विचारून घेणे आवश्यक असते. तांबे खडकात मुरते व पुढे हळूहळू पाण्यात उतरू शकते. मासे ते काही प्रमाणात सोसतात, परंतु कोळंबी, समुद्रफुले व प्रवाळ यांना ते सोसत नाही.