मधला वाचणारा

गेल्या दिवाळीत घर झाडताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आमचं गाव शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरपासून आत. ट्रंकेत आजोबांची मुंबईहून आलेली पत्रं निघाली आणि दोऱ्याने बांधलेला मनिऑर्डरच्या कूपनांचा एक गठ्ठा.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनिऑर्डर पाहिलीच नसेल. भारतात टपाल खात्याने ती 1880 मध्ये सुरू केली आणि तिचं जुनं रूप 2015 मध्ये बंद झालं. फॉर्मच्या एका टोकाला छोटं कूपन असायचं. त्यावर पैसे पाठवणारा दोन-चार ओळी लिहू शकायचा. पोस्टमन दारात पैसे मोजून द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि कूपन फाडून हातात ठेवायचा. आजोबांच्या कूपनांवर असं लिहिलंय: ‘म्हशीला पेंड आणणे. पोराची शाळा बुडवू नये. पैसे पोचल्याचे कळवणे.’ आज आपण गूगल पेवर पैसे पाठवताना ‘फॉर लाइट बिल’ असं काहीतरी टाकतो, तसंच. फक्त तेव्हा त्या एवढ्याशा जागेत महिन्याभराचा संसार मावायचा.

आजोबा गिरणी कामगार होते. आमच्या डोंगरात पाऊस चिक्कार, पण उताराची जमीन तोकडी. म्हणून एक भाऊ शेतावर आणि एक मुंबईला, अशी अनेक घरांची वाटणी होती. मुंबईतला माणूस लिहायचा. गावातली बाई मात्र वाचू शकेलच असं नव्हतं. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. माझी आज्जी त्यानंतर तीस वर्षांनी जन्मली, तरी तिच्या वाट्याला शाळा आली नाही. कायदा झाला म्हणून डोंगरातल्या प्रत्येक मुलीच्या हातात पाटी आली असं झालं नाही.

त्यामुळे नवऱ्याचं पत्र तिच्यापर्यंत थेट कधी पोचलंच नाही. मध्ये कोणीतरी वाचणारा लागायचा. आधी पोस्टमन, मग शेजारचे गुरुजी आणि पप्पा चौथीत गेल्यावर पप्पा. सोप्यात बसून पत्र मोठ्याने वाचलं जायचं आणि शेजारच्या बायकाही ऐकायच्या. आपण म्हणतो की पूर्वी घरात सगळे मिळून वाचायचे. खरं आहे. पण आज्जीला नवऱ्याशी एक शब्दही खासगी बोलता यायचं नाही, हेही त्यातच आलं.

पत्रानंतर फोन आला, तेव्हा हा मधला माणूस जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

आमच्या शेजारच्या पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरची गोष्ट बघा. 1998 मध्ये तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. वारणेच्या खोऱ्यातली सत्तर गावं संगणक केंद्रांनी जोडायची, शेतकऱ्याला गावात बसून जगाची माहिती मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः उसाच्या कामासाठी जायचे: वजन किती भरलं, तोडीची पाळी कधी, खत किती मिळणार. केंद्रावरचा माणूस स्क्रीनवर बघून सांगायचा. म्हणजे पुन्हा मधला वाचणारा! काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून एसएमएस पाठवायचा आणि उत्तर त्याच्याच फोनवर यायचं. शेतकऱ्यांना ते आवडलं. त्या माहितीसाठी आता केंद्रापर्यंत जायचं कारण उरलं नव्हतं.

आमच्या घरात एसएमएसने मात्र उलटंच केलं. आई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. पत्र, पेपर, पोथी सगळं स्वतः वाचणारी. मी शिकायला बाहेर पडलो आणि घरी मेसेज करू लागलो, तो इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत. ते तिला वाचता येईना. माझा मेसेज घेऊन ती शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडे जायची. एका पिढीपूर्वी सासू जशी पत्र घेऊन बसायची, अगदी तशी.

यामागचं कारण मला नोकरीत लागल्यावर कळलं. एका एसएमएसला 140 बाइट जागा असते. इंग्रजी अक्षर 7 बिटांत बसतं, म्हणून 160 अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 16 बिट लागतात, म्हणून फक्त 70. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘शाहूवाडी’ आपल्याला चार अक्षरं दिसतात, फोन मात्र आठ मोजतो. एका मेसेजच्या पैशात निम्म्याहून कमी मजकूर. शिवाय पलीकडच्या स्वस्त फोनवर अक्षरांऐवजी चौकोन दिसायची भीती. मग मराठीत कोण लिहिणार? दूर कुठल्या तरी खोलीत ठरलेल्या त्या आकड्याने माझ्या शिकलेल्या आईला अडाणी करून ठेवलं होतं.

स्मार्टफोन आले आणि मराठी अक्षरं नीट दिसू लागली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. आमच्याकडे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागायचं, तरी आई रोज संध्याकाळी चढायची. आता ती मोबाइलवर कादंबऱ्या वाचते आणि जेवायला हाक मारली की ‘एवढं पान होऊ दे’ म्हणते. मोबाइलने घरातली माणसं एकमेकांपासून तोडली, हे मी खूप ऐकतो. आमच्याही घरात रात्री चौघांची तोंडं चार दिशांना असतात. पण आईचं तोंड कुणाच्या तोंडाकडे लागलेलं नसतं, हे मला विसरता येत नाही.

आता पुन्हा ट्रंकेकडे येतो. मी सगळ्या पत्रांचे फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. दोन दिवस पप्पा काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी एका पत्राचा फोटो मला परत पाठवला. ते 1982 चं होतं. त्या वर्षी 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. आजोबांनी लिहिलं होतं, ‘गिरणी कधी चालू होईल सांगता येत नाही. तुझ्या बोरमाळेचे बघावे लागेल.’ पप्पा तेव्हा अकरा वर्षांचे. सोप्यात बायका बसलेल्या. त्यांनी ती ओळ गाळली आणि ‘इकडे सर्व ठीक आहे’ असं वाचलं. ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं कुणालाच सांगितली नव्हती.

त्या रात्री त्यांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून त्याचा व्हॉइस मेसेज ग्रुपवर टाकला. मी फोन आज्जीच्या कानाशी धरला. तिने शांतपणे ऐकलं.

“त्ये सांगाय पत्र कशाला लागतंय?” ती म्हणाली. “दोन म्हैनं मनिऑर्डर आली न्हाई, तवाच बोरमाळ मोडली मी. पोरगं एवढी वर्सं मनात घिऊन बसलं व्हय?”

मग तिने ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. तिसऱ्यांदा मात्र तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, “कुठलं बटण दाबायचं, त्ये मला दाव.”