छत्रपती संभाजीनगरमधील महाविद्यालयीन मुलींची वसतिगृहे

छत्रपती संभाजीनगरमधील महाविद्यालयीन मुलींची वसतिगृहे ही उच्च शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या परगावच्या विद्यार्थिनींच्या निवासाची व भोजनाची सोय करणारी केंद्रे होत. अमेरिकेतील विद्यापीठांत ‘सोरोरिटी’ नावाचे भगिनीसंघ असतात. तेथे जुन्या सदस्या नव्या मुलींची निवड करतात. महाराष्ट्रात ती प्रथा रुजलेली नाही. अनोळखी मुलींना एका छपराखाली आणून त्यांच्यात बहिणीसारखे नाते निर्माण करण्याचे काम येथे वसतिगृह करते. मात्र येथील प्रवेश गुणवत्ता, प्रवर्ग व कागदपत्रे यांवर ठरतो. वरच्या वर्गातील मुलींच्या पसंतीचा किंवा त्यांनी घेतलेल्या कोणत्याही ‘परीक्षे’चा त्याच्याशी संबंध नसतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात मुलींच्या निवासी शिक्षणाची परंपरा पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९) आणि धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांच्यापर्यंत मागे जाते. मराठवाड्यात उच्च शिक्षणच उशिरा पोहोचले. औरंगाबादचे शासकीय महाविद्यालय निजामाच्या राजवटीत १९२३ साली सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली आणि १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला. आज या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांचे आहे. गावात बारावीपर्यंतची सोय असली तरी पुढचे शिक्षण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळते. अशा वेळी शहरात नातेवाईक नसलेल्या मुलीचे शिक्षण पुढे चालणार की घरात लग्नाची बोलणी सुरू होणार, हे पुष्कळदा वसतिगृहातील एका कॉटवर अवलंबून असते.

प्रकार व प्रवेश

विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहे मुख्यतः तेथील विभागांत शिकणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आहेत. अनेक महाविद्यालयांची स्वतःची वसतिगृहे आहेत. सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहांत निवास, भोजन व शैक्षणिक साहित्य विनामूल्य मिळते. तेथील बहुतांश जागा अनुसूचित जातींसाठी असतात आणि त्याच शहरातील रहिवासी मुलीला प्रवेश मिळत नाही. यांखेरीज खासगी वसतिगृहे आणि ‘पेइंग गेस्ट’ म्हणून भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोल्या शहरभर आहेत. त्यांत सोयी आणि शिस्त दोन्ही घरमालकागणिक बदलतात.

महाविद्यालयात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली, असा समज ग्रामीण पालकांत आढळतो. तो चुकीचा आहे. दोन्ही अर्ज सामान्यतः स्वतंत्र असतात. उत्पन्नाचा, जातीचा व रहिवासाचा दाखला मिळण्यास वेळ लागत असल्याने निकालापूर्वीच त्यांची तयारी ठेवलेली बरी.

खर्चाच्या बाबतीतही असाच गैरसमज आहे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. या सवलतीत वसतिगृहाचे भाडे, मेसचा खर्च आणि अनामत रक्कम येत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थिनींना २०१६-१७ पासून स्वाधार योजनेखाली भोजन, निवास व निर्वाहासाठी थेट बँक खात्यात रक्कम दिली जाते. आदिवासी विद्यार्थिनींसाठी स्वयम्, तर इतर मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार ही अशाच स्वरूपाची योजना आहे.

दैनंदिन जीवन

वसतिगृहाचा कारभार रेक्टर पाहतात. शासकीय वसतिगृहात या पदाला गृहपाल म्हणतात. खोलीत साधारणपणे दोन ते चार मुली राहतात. संध्याकाळची हजेरी, बाहेरगावी जाताना करावयाची नोंद आणि स्थानिक पालकाचे नाव ही सर्वत्र आढळणारी पद्धत आहे. या शहरात पाण्याची चौकशी आधी करावी लागते. जायकवाडी धरणातून पाणी येत असले तरी नळाला ते अनेक दिवसांच्या अंतराने सुटते. म्हणून इमारतीच्या भिंतींच्या रंगापेक्षा तिच्या टाकीची क्षमता आणि टँकरची व्यवस्था महत्त्वाची ठरते.

परतण्याची वेळ हा कायमच्या वादाचा विषय आहे. मुलांच्या वसतिगृहाला नसलेले बंधन मुलींना का, हा प्रश्न २०१५ मध्ये दिल्लीतील ‘पिंजरा तोड’ चळवळीने देशभर चर्चेत आणला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीच्या विनियमांतही, सुरक्षिततेचे कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळे भेदभावाचे नियम लादू नयेत, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी फाटक मुलींसाठीच लवकर बंद होते. ग्रंथालयात उशिरापर्यंत अभ्यास करू इच्छिणाऱ्या मुलीने ही वेळ प्रवेश घेण्यापूर्वीच विचारून घ्यावी.

रॅगिंग व कायदा

नव्या मुलींच्या ‘ओळखपरेड’ला पूर्वी गंमत समजले जाई. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९ नुसार रॅगिंग हा गुन्हा आहे. विद्यार्थ्याला शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लाज किंवा अवघडलेपण वाटेल असे वर्तन, तसेच तो एरवी स्वेच्छेने करणार नाही अशी कृती करायला सांगणे, हे सर्व त्याच्या व्याख्येत येते. त्यामुळे ‘फक्त गाणे म्हणायला लावले’ हा बचाव टिकेलच असे नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आहे. दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे इतर कोणत्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावयाची असते; तक्रारीकडे दुर्लक्ष केल्यास गुन्ह्याला साहाय्य केल्याचे मानले जाते.

मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षी आयोगाने देशभरासाठी विनियम लागू केले. त्यांनुसार विद्यार्थिनी व पालक या दोघांनाही प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या निःशुल्क क्रमांकावर थेट तक्रार करता येते; त्यासाठी आधी रेक्टरांची परवानगी घेण्याची गरज नसते.