बोर्ड : फळीपासून बोर्डिंग पासपर्यंत

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. ती टेकूंवर आडवी टाकली की जेवणाचं टेबल तयार, म्हणून टेबलही बोर्ड. पुढे त्यावर वाढलेलं अन्नसुद्धा बोर्ड झालं. ‘बोर्डिंग-लॉजिंग’मधलं बोर्डिंग म्हणजे नुसतं जेवण, राहणं लॉजिंगमध्ये. आपण मात्र दोन्ही एकाच शब्दात कोंबलं. शाहू महाराजांच्या काळात, १९०१ साली, कोल्हापुरात निघालेलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग म्हणजे अख्खं वसतिगृह. त्यात गैर काय? घर सोडून शिकायला आलेल्या पोराची पहिली पंचाईत जेवणाचीच.

टेबलाभोवती कारभारी बसले आणि मंडळच बोर्ड झालं. दहावीचं बोर्ड त्यातलंच. जहाजाच्या बाजूलाही बोर्डच म्हणत. उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात, पण त्यात तारा-बिरा काही नाही. पूर्वी सुकाणूचं वल्हं त्या बाजूला असे. ‘स्टार’ हा ‘स्टिअर’चाच भाऊबंद. विमानतळावर आपण मिरवतो तो बोर्डिंग पासही जहाजावरूनच आला. एसटीचा, कॅरमचा आणि दिव्याच्या बटणांचा बोर्ड मात्र थेट फळीच्या वंशातले, मग ते आता प्लॅस्टिकचे का निघेनात.