४२.३४ मीटर : काँग्रेस रेडिओ आणि आष्टीची बातमी

१९४२च्या ‘भारत छोडो’ आंदोलनात मुंबईहून गुप्तपणे चालणारे काँग्रेस रेडिओ हे केंद्र ४२.३४ मीटरवर ऐकू येत असे. त्या काळी केंद्राचा पत्ता तरंगलांबीनेच सांगत. वारंवारतेच्या भाषेत ही लहर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झची, म्हणजे लघुलहरींच्या पट्ट्यातली होती.

आंदोलनाचा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलैला वर्ध्यात केला होता. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत नेत्यांची धरपकड झाली आणि वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जनतेचा उठाव झाला. पोलीस आणि आंदोलक दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर झालेल्या दडपशाहीची हकिकत छापणे अवघड झाले. उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी यांनी उभारलेल्या काँग्रेस रेडिओने २७ ऑगस्टपासून प्रक्षेपण सुरू केले आणि आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची माहिती देशाला दिली.

पट्ट्याची निवड कार्याला साजेशी होती. मध्यमलहरी दिवसा मुख्यतः जमिनीलगत जातात. दूरवर पोचायचे तर त्यांना मोठी शक्ती लागते. ७ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर मात्र वातावरणाच्या वरच्या, आयनांबर नावाच्या थरात वळून शेकडो किलोमीटरवर उतरते, आणि रात्री तिचा पल्ला आणखी वाढतो. ही लहर हौशी रेडिओचालकांच्या ४० मीटर पट्ट्यातली. दुसरे महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी परवाने रद्द केले होते. काँग्रेस रेडिओचे यंत्र बनवणारे नरिमन प्रिंटर याच तंत्राचे जाणकार होते.

लहर जशी श्रोत्याला सापडते, तशी पोलिसांनाही. दिशाशोधक यंत्राने दोन-तीन ठिकाणांहून दिशा घेतल्या, की रेषा छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. म्हणून चौपाटी, वाळकेश्वर, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड अशा जागा बदलत यंत्र हलवले गेले. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावच्या पारेख वाडीत छापा पडला आणि आवाज थांबला. खटल्यात बाबूभाईंना ५ वर्षे, उषा मेहतांना ४ वर्षे व चंद्रकांत झवेरींना १ वर्ष शिक्षा झाली.

रेडिओ बंद पडला तरी प्रश्न मिटला नाही. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातील प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. त्याच्या बातम्यांवरही बंदी होती.

काँग्रेस रेडिओ तीन महिनेही चालला नाही. तरी छापखान्यांची तोंडे बंद असताना विदर्भातल्या दोन गावांचे दुःख त्याने देशापुढे मांडले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात आष्टीच्या हुतात्म्यांसोबत या लहरीचीही नोंद राहिली पाहिजे.