पुलावरचे नाव



स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. मी सातवीपर्यंत शिकलेली. सनावळ्या शाळेतही कधी पाठ झाल्या नाहीत. म्हणून एका पुलाची हकीकत तेवढी सांगते.

मुंबईला गोरेगावी वन्संकडे गेले होते. रिक्षा हमरस्ता सोडून एका लांबलचक पुलावर चढली, खालून लोकलगाड्या जात होत्या. पुलाचे नाव मृणालताई गोरे उड्डाणपूल. मला वाटले, असेल कुणा मंत्र्याची पत्नी. रस्त्याला बाईचे नाव मिळायचे तर ती बहुधा राणी असावी लागते. आपल्या बर्डीवरचा झाशी राणी चौकच पाहा ना! घरी गेल्यावर मी तसे बोलून गेले, आणि वन्संच्या सासूबाईंनी मला चांगलेच खडसावले. "अगं, ती आमची पाणीवाली बाई!"

मग चहा निवेपर्यंत त्या सांगत राहिल्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा गोरेगावात पाण्याची फार ओढ. रात्री उठून नळावर हंडे लावायचे, आणि पाणी आलेच तर बोटाएवढी धार. मृणालताई 1961 साली महापालिकेवर निवडून गेल्या आणि बायकांना घेऊन पाण्यासाठी भांडल्या. त्यांचे यजमान केशव गोरे 1958 सालीच वारले होते. पदरी लहान मुलगी. डॉक्टरकीचे शिक्षण त्यांनी देशकार्यासाठी आधीच सोडलेले. अशी बाई घरात रडत बसली असती तरी कुणी नावे ठेवली नसती.

1972 साली त्या विधानसभेत गेल्या. महागाईविरुद्ध बायकांचा लाटणे मोर्चा निघाला तो त्याच काळात. अहिल्याताई रांगणेकर आणि मृणालताई पुढे. सासूबाई सांगतात, त्यांचे लाटणे त्या दिवसापासून जरा वाकडेच लाटते! आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, पुढे तुरुंगात गेल्या आणि 1977 साली लोकसभेवर निवडून आल्या. गर्भातच मुलगी ओळखून पाडण्याविरुद्ध विधानसभेत विधेयक आणणाऱ्याही त्याच. त्या विषयावरचा कायदा महाराष्ट्रात 1988 साली झाला, सबंध देशासाठी 1994 साली. आपल्यापैकी कितीजणींच्या नाती त्यामुळे अंगणात खेळत असतील, कोण सांगणार? 17 जुलै 2012 रोजी मृणालताई गेल्या. पूल 2016 साली खुला झाला.

परतताना रिक्षावाल्याला मी मुद्दाम नाव घेऊन सांगितले, "मृणालताई पुलावरून ने." पोरगा विशीचा असेल. "बरं मावशी," म्हणाला. त्या कोण हे त्याला माहीत नव्हते, पण नाव तोंडात होते. पुढच्या सिग्नलवर त्यानेच विचारले, "कोण होत्या हो त्या?" मग मी सासूबाईंचे ऐकलेले सगळे त्याला सांगून टाकले.

नागपूरला आल्यावर मुलीला विचारले, "अनसूयाबाई काळे माहीत आहेत का?" तिने मोबाईल काढला. मला खरेच वाईट वाटले. 1937 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या उपसभापती झालेल्या बाई! चिमूर-आष्टीच्या खटल्यात फाशी सुनावलेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून झटलेल्या. 1952 आणि 1957, दोन्ही वेळा आपल्या नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवले. 1958 साली त्या वारल्या. तिला काय बोलू? मलाही हे सारे आपल्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकानेच सांगितले.

पाट्यांनी काय होते, लोक जुनेच नाव घेतात, असे आमचे हे म्हणतात. पण बर्डीच्या पुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी चेंगराचेंगरीत 114 गोवारी बांधव गेले, त्यांत बायका-मुलेच पुष्कळ. ते नाव वाचून एखादे पोर आईला विचारतेच, की गोवारी म्हणजे कोण.

शहरात नवे पूल होतच आहेत. त्यांतल्या एखाद्याला अनसूयाबाईंचे नाव द्यावे, असा अर्ज महापालिकेसाठी लिहून ठेवला आहे. शुद्धलेखन मुलीने तपासले. कागद मंडळाच्या कपाटात वरच्या खणात आहे. सही करायला येताना चष्मा आणावा, अक्षर माझे बारीक आहे.